आईसाठी 'अँटीऑक्सिडंट'चे डबे घ्यावे का? फुप्फुस, हृदय आणि ऑक्सिजनच्या ठिणग्या

झरीजामणीकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गाव झरी जामणी तालुक्यात, यवतमाळ जिल्हा. प्रश्न आईचा आहे आणि थोडा घाईचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आई एकसष्टची. बिडी नाही, तंबाखू नाही. पण चाळीस वर्षं चुलीसमोर. जळण म्हणजे पऱ्हाट्या, तुऱ्हाट्या, गोवऱ्या. पावसाळ्यात सगळंच ओलं, मग फुंकणी घेऊन फुंकत बसायचं. दोन वर्षांपासून धाप लागते. यंदा दिवाळीनंतर पायांवर सूज आली, बोट दाबलं की खळगा राहतो. जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं. फुंकायची तपासणी झाली, इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला. डॉक्टर म्हणाले सीओपीडी आहे, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार, आणि हृदयाची उजवी बाजू थकत चालली आहे. इनहेलर दिलं, लघवीवाटे पाणी काढायची गोळी दिली, रोज चालायला सांगितलं. घरी ऑक्सिजनची मशीन लावावी लागेल असंही म्हणाले. आजार फुप्फुसाचा असताना हृदय कशानं थकलं, हे विचारायचं राहून गेलं. मागे रांग मोठी होती.

आता खरी गोष्ट. मागच्या रविवारी समाजमंदिरात एका कंपनीची माणसं आली, त्यांच्यात माझा मावसभाऊही आहे. काचेच्या ग्लासात पाणी घेतलं, त्यात जखमेला लावायचं तांबडं औषध टाकलं. पाणी तांबडं झालं. म्हणाले, हे तुमचं शरीर, ही लाली म्हणजे फ्री रॅडिकल, ऑक्सिजनपासून तयार होतात आणि हृदय, फुप्फुस जाळतात. मग त्यांच्या डब्यातली पूड टाकून ढवळलं. पाणी काचेसारखं स्वच्छ. सगळे बघत राहिले, आईसुद्धा. तीन महिन्यांचा कोर्स चौदा हजार चारशेचा. घरात तूर आहे, ती विकली तर पैसे निघतील. आई म्हणते, "घेऊन टाक बाबू, इतकं केलं तर हेही करू."

हे फ्री रॅडिकल खरोखर असतात का? ते आईचं फुप्फुस जाळताहेत का? आणि जाळत असतील तर पूड द्यायला काय हरकत?

गावची_आशा

दादा, बाकीचं जाणकार सांगतील. तुम्ही आज एवढं करा, आई इनहेलर कसं घेतात ते समोर बसून बघा. माझ्या गावात एक आजी सहा महिने इनहेलर तोंडासमोर दाबत होत्या आणि श्वास नाकानं घेत होत्या. औषध सगळं जिभेवर. स्पेसर, म्हणजे इनहेलरला जोडायची पोकळ नळी, मागून घ्या. आणि आई आजही चुलीवर बसतात का, ते तुम्ही लिहिलं नाही.

झरीजामणीकर

बसते, ताई. गॅस आहे, उज्ज्वलातला. सिलिंडर भरायला परवडत नाही म्हणून तो पाहुण्यांच्या चहापुरता. भाकरी चुलीवरच होते.

धुऱ्यावरची_बाभूळ

मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते, मूळ गाव आर्वीकडचं. माझ्या आजीचाही शेवट अशाच धापेनं झाला, त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही. लांब होईल.

फ्री रॅडिकल खरे आहेत. कंपनीनं ते बनवून सांगितलेले नाहीत. आपण ओढलेला बहुतेक ऑक्सिजन पेशींमधल्या तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया, पेशीच्या ऊर्जेच्या भट्ट्या) वापरतात. तिथे अन्नातून आलेले इलेक्ट्रॉन हातोहात पुढे जातात आणि शेवटी ऑक्सिजनला मिळून पाणी होतं. वाटेत एखादा इलेक्ट्रॉन निसटून सरळ ऑक्सिजनला चिकटला की सुपरऑक्साइड बनतो. त्याचंच पुढे हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. आणि पेरॉक्साइडला मोकळं लोह भेटलं तर हायड्रॉक्सिल, तो मात्र सगळ्यांत आडदांड, जिथे जन्मतो तिथेच समोर येईल त्याला फाडतो. या सगळ्या कुटुंबाला मी वर्गात 'ऑक्सिजनच्या ठिणग्या' म्हणते.

१९६९ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांना दिसलं की तांबड्या रक्तपेशींतच सुपरऑक्साइड विझवणारं एक विकर (एन्झाइम) आहे. (आपल्या सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज सुरू झालं तेही याच वर्षी, म्हणून मुलांच्या हे साल लक्षात राहतं.) हे विकर किती मोलाचं? तंतुकणिकांमधला त्याचा प्रकार ज्या उंदरांत जन्मापासून नव्हता, त्यांची पिल्लं पहिल्या दहाएक दिवसांत मेली. हृदय फुगून, ढिलं पडून. हृदयाच्या पेशीचा जवळपास तिसरा हिस्सा तंतुकणिकांनीच भरलेला असतो, दिवसाला लाखभर ठोके काही फुकट पडत नाहीत. म्हणून ठिणग्यांचा पहिला मार हृदयाला.

इथपर्यंत कंपनीचा माणूस आणि मी एकच बोलतो. पुढे वाट फुटते.

ठिणगी नुसती जाळत नाही. ती निरोपही देते. शरीर काही ठिणग्या मुद्दाम पाडतं, त्यासाठी नॉक्स नावाची विकरांची आख्खी जात पेशींच्या भिंतींवर बसवलेली आहे. पांढऱ्या पेशी जंतू मारायला हेच विकर वापरतात. जन्मतः ते बिघडलेली मुलं असतात, त्यांना पुन्हा पुन्हा गळवं होतात, फुप्फुसात बुरशी वाढते. म्हणजे ठिणग्या अजिबात न पडणं हासुद्धा एक आजार आहे.

पेरॉक्साइडचा निरोप कसा पोचतो तेही सांगते. प्रथिनांत ठिकठिकाणी गंधकाचे अणू असतात. पेरॉक्साइड तिथे हलकेच टेकतं, प्रथिनाचा आकार जरासा बदलतो आणि ते चालू किंवा बंद होतं. काम झालं की दुसरी विकरं गंधक पूर्ववत करतात. दवंडीवाला येतो, चौकात डफ वाजवतो आणि पुढच्या आळीला जातो, तसं. निरोगी पेशीत हे पेरॉक्साइड इतकं थोडं असतं की लिटरमागे मोलच्या अब्जांशात मोजावं लागतं. दवंडी ऐकू यायची तर बाकी गाव शांत पाहिजे. रात्रंदिवस चौकाचौकांत डफ बडवत राहिले तर कोणता निरोप कोणाला हे कळणारच नाही. आजारात होतं ते हे.

आता तुमच्या आईंचं हृदय का थकलं. शरीरात इतरत्र ऑक्सिजन कमी पडला की रक्तवाहिन्या रुंदावतात. फुप्फुसात नेमकं उलटं, तिथे त्या आवळतात. १९४६ साली स्वीडनमध्ये फॉन ऑयलर आणि लिलयेस्ट्रांड यांनी मांजरांवर हे दाखवलं. यात शहाणपण आहे, फुप्फुसाच्या ज्या कोपऱ्यात हवाच पोचत नाही तिथे रक्त पाठवून काय उपयोग? एक पाट बुजला की पाणी दुसऱ्या सरीला वळवतो तसं. ऑक्सिजन कमी झाल्याची ही चाहूल वाहिनीच्या स्नायूतल्या तंतुकणिकांना लागते आणि निरोप ठिणग्यांमार्फतच जातो. तो ठिणग्या वाढल्यामुळे जातो की घटल्यामुळे, यावर शास्त्रज्ञांत दोन गट आहेत आणि दोघांकडे प्रयोग आहेत. निरोप मिळाला की पेशीत कॅल्शियम शिरतं, स्नायू आवळतो. एखाद्या कोपऱ्यापुरतं हे झालं तर भलंच. पण चाळीस वर्षांच्या धुरानं सगळीकडेच हवा कमी पोचू लागली, तर सगळ्याच सऱ्या बुजतात. वाहिन्यांच्या भिंती जाड होतात. आणि त्या बारीक नळ्यांतून रक्त ढकलायचं काम कोणाचं? हृदयाच्या उजव्या बाजूचं. ती बाजू पातळ भिंतीची, इतक्या दाबासाठी बनलेलीच नाही. ती थकली की मागचं रक्त तुंबतं, पाय सुजतात. तुम्ही बोट दाबल्यावर जो खळगा बघितला, त्याची मुळं फुप्फुसात आहेत.

पुडीचं उद्या लिहिते. उत्तरपत्रिका बाकी आहेत.

कापूसवाला_मारेगाव

मॅडम, तुमी ठिणगी म्हणता ते मले वावरात दिसलं वाटते. कपाशीच्या तासात गवतावर एक तणनाशक मारतो आमी, नोझलले टोपी लावून. सकाळी मारलं का दुपारपावतर पाला करपून जाते. ढग असले तर उशीर लागते, ऊन असलं का लगेच. मले नेहमी वाटे, औषधाले उन्हाचं काय काम? पॅराक्वाट नाव हाय त्याचं. हे त्याच्यातलंच काही हाय का?

धुऱ्यावरची_बाभूळ

भाऊ, तुम्ही अगदी नेमकं पाहिलंत. ऊन पडलं की पानात इलेक्ट्रॉनची धावपळ सुरू होते, त्यातूनच पान अन्न बनवतं. पॅराक्वाट ते इलेक्ट्रॉन मधेच पळवतं आणि ऑक्सिजनला देतं. सुपरऑक्साइड तयार. पॅराक्वाट पुन्हा मोकळं, पुढचा इलेक्ट्रॉन पळवायला. एकच रेणू हे काम पुन्हा पुन्हा करतो, स्वतः संपत नाही. ऊन नाही तर इलेक्ट्रॉन नाहीत, म्हणून ढगात उशीर.

आणि हाच प्रकार माणसाच्या फुप्फुसात होतो, म्हणून ते इतकं घातक आहे. फुप्फुसाच्या पेशींना काही खास रेणू आत ओढून घ्यायचं एक दार असतं. पॅराक्वाटचा आकार त्या रेणूंसारखा, दार त्याला ओळखत नाही आणि आत घेतं. रक्तातून ते कमी होत जातं तरी फुप्फुसात कित्येक पट साठतं. आत इलेक्ट्रॉन आहेत, ऑक्सिजन तर भरपूर. मग तीच करपणी, आणि वाचलेल्या जागी जाड व्रण. त्यावर उतारा नाही. युरोपात २००७ पासून ते बंद आहे.

हात जोडून सांगते, हे पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही काढून ठेवू नका. मूळ डब्यात, कुलपात. पोटात गेल्याची नुसती शंका आली तरी त्याच मिनिटाला दवाखाना, अंगाला काही होत नसलं तरी.

२०१७ मध्ये आपल्या यवतमाळात फवारणी करताना वीसच्या वर माणसं गेली, ते बहुतांशी कीटकनाशकांचं प्रकरण. त्यातली बरीचशी औषधं नसांच्या विकरावर मारा करतात, वाट वेगळी आहे. दोन्हींत अंग झाकणं, वारा पाठीशी ठेवणं आणि गळका पंप न वापरणं हे मात्र सारखंच.

कापूसवाला_मारेगाव

आमच्याइथं अर्धा लिटर थंड्याच्या बाटलीत होतं, धाब्याच्या फळीवर. आताच उठून काढलं.

मोहफूल_कुरखेडा

मला वेगळं विचारायचं आहे. माझी मुलगी चौदा वर्षांची, सिकलसेल, 'एसएस', म्हणजे आईबापांकडून दोन्ही दोष आलेला प्रकार. हायड्रॉक्सियुरिया चालू आहे. गेल्या पावसाळ्यात छातीत दुखून ऑक्सिजन खाली गेला, आठ दिवस भरती होती. डॉक्टर आता दरवर्षी इको करायला सांगतात. रक्ताचा आजार, मग इको कशासाठी? झरीजामणीकरांच्या आईसारखंच काही आहे का? आमच्याकडेही कुणीतरी असलीच पूड दिली होती, दोन डबे संपवले.

धुऱ्यावरची_बाभूळ

ताई, वाट वेगळी, पण मुक्काम जवळजवळ तोच. रक्तवाहिन्यांची आतली कातडी नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडते, त्यानं वाहिनी सैल राहते. हा शोध इतका मोठा होता की १९९८ चं नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना त्यासाठी मिळालं. सिकलच्या तांबड्या पेशी लवकर फुटतात. आतलं हिमोग्लोबिन रक्तात मोकळं फिरतं आणि हा वायू गिळून टाकतं. सोबत त्यातलं लोहही मोकळं, म्हणजे ठिणग्यांना सरपण. त्यात सुपरऑक्साइड आणि नायट्रिक ऑक्साइड एकमेकांना भेटले की क्षणात चिकटतात आणि पेरॉक्सिनायट्राइट नावाचं भलतंच दाहक द्रव्य बनतं. दुहेरी नुकसान, सैल ठेवणारा वायू गेला आणि जाळणारं द्रव्य आलं. फुप्फुसातल्या वाहिन्या अशा आवळत गेल्या की उजव्या बाजूवर भार येतो. तो लवकर दिसावा म्हणून इको.

हायड्रॉक्सियुरिया बाळपणीचं हिमोग्लोबिन वाढवतं, पेशी कमी वाकतात, कमी फुटतात. म्हणजे सरपणच कमी पडतं. ते चुकवू नका, आणि रक्ततपासणीची तारीखही. ताप आला किंवा छातीत दुखलं तर वाट बघायची नाही. सिकलसेलसाठी १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय मोहीम चालू आहे, धाकट्या भावंडांची तपासणी राहिली असेल तर करून घ्या.

वरूडचा_संत्रावाला

मॅडमशी आदरानं मतभेद नोंदवतो. तुम्ही अँटीऑक्सिडंटच्या विरोधात बोलता असं वाटतंय. आमच्या बागेतली संत्री, आवळा, जवस हे खाऊन माणसं ऐंशी-नव्वद वर्षं जगलेली मी पाहिली आहेत. 'क' जीवनसत्त्वानं प्रतिकार वाढतो हे शाळेतसुद्धा शिकवतात. मग तेच पुडीत दिलं तर वाईट कसं? गरीब माणसानं एखादी आशा धरली तर ती मोडू नये.

धुऱ्यावरची_बाभूळ

दादा, संत्र्याच्या विरोधात मी कधीच नाही. झरीजामणीकरांच्या आईंना रोज एक संत्रं मिळालं तर मला आनंद होईल. जवसाची चटणी, आंबाडीची भाजी, आवळा, सगळं खावं. फळभाज्या खाणाऱ्यांचं हृदय बरं राहतं हे पुष्कळ अभ्यासांत दिसलेलं आहे.

त्यावरूनच शास्त्रज्ञांनाही तुमच्यासारखंच वाटलं होतं की मग अर्क काढून गोळी दिली तर दुप्पट फायदा व्हावा. हे नुसतं वाटून सोडलं नाही, करून बघितलं. फिनलंडमध्ये एकोणतीस हजारांवर विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांना काहींना बीटा-कॅरोटीन, काहींना 'ई' जीवनसत्त्व, काहींना दोन्ही, काहींना कोरी गोळी दिली. १९९४ ला निकाल आला. बीटा-कॅरोटीनवाल्यांत फुप्फुसाचा कॅन्सर कमी व्हायच्या ऐवजी शेकडा १८ नं वाढला. अमेरिकेत असाच दुसरा प्रयोग १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावा लागला, तिथेही वाढच दिसली. हृदयासाठी 'ई' जीवनसत्त्व, रोज ४०० युनिट, साडेनऊ हजार लोकांपैकी निम्म्यांना, साधारण साडेचार वर्षं. निकाल २००० साली: झटके कमी झाले नाहीत. त्याच लोकांवर पुढे लक्ष ठेवलं तर २००५ मध्ये दिसलं की 'ई' घेणाऱ्यांत हृदय निकामी होण्याचं प्रमाण उलट जास्त.

असं का? मला वाटतं उत्तर दवंडीत आहे. कीप-१ नावाचं एक प्रथिन आहे. त्यानं एनआरएफ-२ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला धरून ठेवलेलं असतं. ठिणगीनं कीप-१ च्या गंधकाला हात लावला की पकड सुटते, एनआरएफ-२ पेशीच्या केंद्रकात जातं आणि ठिणग्या विझवणारी शरीराची स्वतःची विकरं तयार व्हायला लागतात. म्हणजे विझवणाऱ्यांना उठवणारी दवंडी ठिणगीच देते. सीओपीडीच्या फुप्फुसात हीच यंत्रणा मंदावलेली असते.

आणि आईंना चालायला सांगितलंय ना? २००९ मध्ये जर्मनीत रिस्टो यांच्या गटानं तरुणांना चार आठवडे व्यायाम करायला लावला. अर्ध्यांना 'क' आणि 'ई'च्या मोठ्या मात्रा दिल्या. व्यायामानं इन्सुलिनचं काम सुधारतं, ते गोळ्या न घेणाऱ्यांत सुधारलं, घेणाऱ्यांत नाही. व्यायामात स्नायूंत ज्या ठिणग्या पडतात त्यांचा निरोप गोळ्यांनी गिळला. एवढी पायपीट करायची आणि तिचा निरोपच पुसायचा?

आशेचं म्हणता, तर मी आशा मोडत नाही. तूर विकून येणारे चौदा हजार जिथे खरोखर उपयोगी पडतील तिथे लागावेत एवढंच म्हणते.

ग्लासातल्या खेळाचंही सांगून टाकते. ते तांबडं औषध म्हणजे आयोडीन. 'क' जीवनसत्त्व त्याला इलेक्ट्रॉन देतं, आयोडीनचं आयोडाइड होतं आणि आयोडाइडला रंग नसतो. परसातला आवळा पिळून टाका, तसंच स्वच्छ होईल. दहावीच्या रसायनशास्त्रातली क्रिया आहे. शरीर म्हणजे ग्लास नव्हे. ठिणगी कुठे पडली, किती वेळ राहिली, कोणत्या प्रथिनाजवळ होती, यावर सगळं ठरतं. पोटातून गेलेली पूड नेमक्या त्या जागी, नेमक्या त्या वेळी पोचत नाही.

वरूडचा_संत्रावाला

फिनलंडची गोष्ट मला माहीत नव्हती. संत्र्याबद्दल लिहिलंत, आभारी आहे. झरीजामणीकर, पत्ता कळवा, आईसाठी पेटी पाठवतो.

हिंगणघाटचा_पोरगा

माझ्या बाबांना मार्चमध्ये हार्ट अटॅक आला. नागपूरला नेईपर्यंत चार तास गेले. ब्लॉकेज उघडलं, पण डॉक्टर म्हणाले, रक्त परत सुरू होतानाही थोडी इजा होते. तेव्हापासून डोक्यात बसलंय. मग उघडायलाच नको होतं का?

धुऱ्यावरची_बाभूळ

नाही नाही, असं मनात आणू नका. उघडलं नसतं तर तेवढा सगळा भाग मेलाच असता. जितक्या लवकर उघडेल तितकं हृदय वाचतं, यात शंका नाही.

डॉक्टर म्हणाले ते मात्र खरं. रक्त थांबलेलं असताना पेशीत सक्सिनेट नावाचं द्रव्य साचत जातं. रक्त आलं, ऑक्सिजन आला की ते एकदम जळतं, इलेक्ट्रॉन उलटे वाहू लागतात आणि पहिल्या काही मिनिटांत ठिणग्यांचा भडका उडतो. २०१४ मध्ये हे नीट उलगडलं. मोहाच्या दिवसांत झाडाखाली पाला पेटवतात, वारा नसला तर धुमसत राहतो, वारा आला की भडकतो, तसं. हृदयात कॅमके-टू नावाचं एक विकर आहे, ते या ठिणग्यांनी सतत चालू अवस्थेत अडकू शकतं, त्यातून ठोके चुकतात. म्हणून बाबांना सुरुवातीचे दिवस मॉनिटरवर ठेवलं असेल.

तरीही याच ठिणग्यांची दुसरी बाजू बघा. १९८६ साली अमेरिकेत कुत्र्यांच्या हृदयाची वाहिनी आधी पाच-पाच मिनिटं चारदा बंद-चालू केली आणि मग चाळीस मिनिटं बंद ठेवली. ज्यांना ही आधीची तालीम मिळाली त्यांच्यात मेलेला भाग चौथ्या हिश्शावर आला. पुढे सशांवरच्या प्रयोगांत दिसलं की तालमीच्या वेळी अँटीऑक्सिडंट दिलं तर हा बचाव नाहीसा होतो. तालमीतल्या थोड्याशा ठिणग्यांनीच हृदयाला सावध केलं होतं.

बाबांच्या गोळ्या चालू ठेवा, विशेषतः रक्त पातळ ठेवणाऱ्या. स्टेंट असेल तर एकही दिवस खाडा नको.

झरीजामणीकर

सगळं दोनदा वाचलं, आईला वाचून दाखवलं. एक शंका तिनंच काढली. "ऑक्सिजनपासूनच ठिणग्या पडतात म्हणतात, मग मला ऑक्सिजनची मशीन कायले लावता?" मला उत्तर देता आलं नाही.

धुऱ्यावरची_बाभूळ

आईंना माझा नमस्कार सांगा. हा प्रश्न माझ्या वर्गात अजून कोणी विचारला नाही.

त्यांच्या रक्तात ऑक्सिजन इतका कमी आहे की फुप्फुसातल्या सऱ्या सतत बुजलेल्या आहेत. मशीन लावली की त्या थोड्या सैल होतात, उजव्या बाजूचा भार हलका होतो. १९८० आणि १९८१ मध्ये अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये याचे दोन प्रयोग झाले. ज्यांचा ऑक्सिजन विश्रांतीतही फार कमी होता, अशांनी दिवसाला किमान पंधरा तास घेतला तर ते जास्त जगले. एवढं स्पष्ट यश सीओपीडीत फार थोड्या उपायांना मिळालंय.

पण शंकेत तथ्य आहे. जास्त ऑक्सिजन चांगला नाही. सीओपीडीचा त्रास उसळतो तेव्हा बोटावरच्या मशीनवर (ऑक्सिमीटर) ऑक्सिजन ८८ ते ९२ टक्क्यांमध्ये ठेवतात, उगाच ९९ करत नाहीत. टास्मानियात रुग्णवाहिकेतच असा मोजून ऑक्सिजन दिला तर मृत्यू कमी झाले, २०१० चा अभ्यास आहे. तेव्हा ऑक्सिजनची धार किती ठेवायची याचा डॉक्टरांनी सांगितलेला आकडा मशीनवर, नळीत गोटी तरंगते तिथे, खूण करून ठेवा. धाप वाढली म्हणून घरच्या घरी वाढवायचा नाही, दवाखान्यात न्यायचं.

गावची_आशा

आणि माझं एक, हे सगळ्यात आधीचं समजा. ऑक्सिजनची नळी नाकाला असताना चुलीजवळ अजिबात बसायचं नाही. नळी, पदर, केस, क्षणात पेट घेतात. देवापुढचा दिवा, उदबत्ती, घरात कोणाची विडी, सगळं त्या खोलीबाहेर. मशीन आली की चूल सुटलीच पाहिजे, दुसरा मार्ग नाही. भारनियमनाच्या वेळा लक्षात घेऊन एक छोटा सिलिंडर हाताशी ठेवा. फ्लूची आणि न्यूमोनियाची लस डॉक्टरांना विचारून घ्या.

झरीजामणीकर

काय झालं ते लिहितो.

रविवारी मावसभाऊ डबे घेऊन आला. मी भांडलो नाही. परसातला आवळा तोडला, आईनं पाट्यावर ठेचला, फडक्यातून रस गाळला. घरात जखमेचं तांबडं औषध होतं. पितळेच्या पेल्यात रंग दिसेना म्हणून काचेचा ग्लास शेजारून आणला. रस टाकला, ढवळलं. पाणी आधी पिवळट, मग साफ झालं. मावसभाऊ बराच वेळ ग्लासाकडं बघत बसला. मग म्हणाला, "मलेही असंच सांगतलं होतं, मी तेच सांगत गेलो." त्यानं स्वतःच्या पैशानं वीस डबे भरून ठेवलेत. ते परत कसे करायचे ते आता दोघं मिळून बघतोय. इथं कुणाला अनुभव असेल तर सांगा.

तुरीचं अर्धं पोतं विकलं. दोन सिलिंडर भरून आणले. चुलीवरची भाकर आता मोठ्या वहिनी अंगणात, उघड्यावर करतात आणि आईला त्या वेळी आत बसवतात. हे काही कायमचं नाही, वहिनींच्याही छातीचा विचार करायला पाहिजे, ते कळतं. पुढच्या हंगामापर्यंत सगळा स्वयंपाक गॅसवर आणायचा बेत आहे.

मशीन गुरुवारी येते. पलंगाजवळ ठेवायची जागा केली, देवघर दुसऱ्या खोलीत हलवलं. आईला ते फारसं आवडलं नाही, पण म्हणाली, "देवाले काय, तो कुठंही बसते."

स्पेसर आणला. पहिल्या दिवशी तिनं इनहेलर दाबलं आणि श्वास घ्यायचंच विसरली. आता माझी सातवीतली पुतणी समोर बसून मोठ्यानं दहापर्यंत मोजते आणि आई श्वास धरते. काल मारुतीच्या पारापर्यंत चालली, जाताना दोनदा थांबली, येताना एकदा. संत्र्याची पेटी पोचली, दादा. पारावर बसून तिनं पहिलं संत्रं सोललं आणि पुतणीला अर्धं दिलं.